शिकलेलं पंखांत उतरेपर्यंत: चिनी तत्त्वज्ञान रोज कसं करायचं

कन्फ्यूशियसचे उद्गार आणि संवाद त्याच्या शिष्यपरंपरेने ज्या ग्रंथात जमवले, त्याचं नाव ‘लुन्यू’. ग्रंथ उघडला की पहिलंच वाक्य शिकण्याबद्दल भेटतं. शिकावं आणि शिकलेलं वेळोवेळी गिरवावं, यात सुख नाही का, असं तो विचारतो. ‘गिरवणं’ या अर्थाने तिथे जे चिनी अक्षर आहे, त्याचा वरचा भाग म्हणजे पिसं. बाराव्या शतकातला मोठा भाष्यकार चू शी (११३०–१२००) त्याचा अर्थ असा लावतो: पक्षी पुन्हा पुन्हा उडून पाहतो, तसं शिकणं थांबू द्यायचं नाही.

या एका अक्षरामुळे मी या परंपरेकडे वळलो. तोवर तत्त्वज्ञान ही समजून घ्यायची गोष्ट आहे, असंच माझ्या डोक्यात होतं. प्राचीन चीनमधल्या विचारवंतांचा जीव मात्र एका वेगळ्या प्रश्नात गुंतला होता: माणसाने चालायचं कसं? त्यांचा सगळ्यात मोठा शब्द ‘ताओ’, आणि त्याचा साधा अर्थ वाट. काळही तसाच होता. कन्फ्यूशियस (इ.स.पू. ५५१–४७९) आजच्या शांतुंग प्रांतातल्या लू नावाच्या छोट्या राज्यात जन्मला. जुनी घडी विस्कटत होती, राज्यं एकमेकांवर तुटून पडत होती, आणि पुढची अडीचशे वर्षं हे वाढतच गेलं. अशा दिवसांत वडिलांशी, धन्याशी, परक्याशी कसं वागायचं, हा प्रश्न पुस्तकी राहत नाही.

ज्यांनी यातलं काहीच वाचलेलं नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे. पायऱ्या थोड्या आहेत. एका पायरीला किमान एक महिना द्या. पहिली अंगवळणी पडल्याशिवाय दुसरी धरू नका. मी सुरुवातीला सगळं एकदम धरलं आणि दोन महिन्यांत सगळंच सुटलं.

पहिली पायरी: एक पुस्तक, रोज एक उतारा

बहुतेक जण सुरुवात लाओत्सेच्या ‘ताओ ते चिंग’ने करतात. एक्याऐंशी छोटी प्रकरणं, जेमतेम पाच हजार अक्षरं, एका संध्याकाळी वाचून होतं. आणि फार सुंदर आहे. तरी माझं सांगणं आहे की ते आधी घेऊ नका. त्यातला ‘वू-वेइ’ म्हणजे ‘न करणं’ हा शब्द नवखा वाचक आपल्या सोयीने घेतो: धडपड नको, जे होईल ते होऊ द्यावं. मूळ ग्रंथ तसं म्हणत नाही. अवघड काम ते सोपं असतानाच हातात घ्यावं, असं तो सांगतो. कवेत न मावणारं झाड सुईएवढ्या कोंबातून वाढलेलं असतं, आणि लोक काम बिघडवतात ते बहुतेक वेळा संपत आलेलं असताना, म्हणून शेवटालाही सुरुवातीइतकंच जपावं, हेही त्यातच आहे. इतकी सावध नजर लागते त्या ‘न करण्याला’. ती कमावण्याआधी पुस्तक हाती आलं, तर त्यातून आळसाला आधार तेवढा मिळतो.

म्हणून ‘लुन्यू’ घ्या. वीस प्रकरणं आहेत आणि पाचशेच्या आसपास छोटे उतारे. काही दोन ओळींचे, काही अर्ध्या पानाचे. रोज एकच वाचा, मोठ्याने. तुम्हाला ज्या भाषेत बरा अनुवाद मिळेल त्या भाषेत वाचा, आणि जमलं तर दोन अनुवाद शेजारी ठेवा. दोघांचे शब्द जिथे जुळत नाहीत, तिथे थांबायचं. मूळ वाक्य तिथेच अवघड असतं आणि बहुधा विचार करण्याजोगंही. चू शीचा सल्ला होता की थोडं वाचावं पण इतक्या वेळा वाचावं, की शब्द आपल्याच तोंडून निघाल्यासारखे वाटावेत, आणि मग अर्थ आपल्याच मनातून आल्यासारखा. आपल्याकडे ज्यांनी लहानपणी पाठांतर केलं आहे, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

दुसरी पायरी: रात्रीचे तीन प्रश्न

‘लुन्यू’च्या पहिल्याच प्रकरणात त्सेंगत्से नावाचा शिष्य सांगतो की तो रोज तीन गोष्टींत स्वतःला तपासतो. दुसऱ्याचं काम करताना मी मनापासून केलं का? मित्रांशी वागताना शब्दाला जागलो का? जे शिकवलं गेलं ते गिरवलं का?

प्रश्न नीट पाहा. आज मी आनंदी होतो का, माझी प्रगती किती झाली, असलं यात काही नाही. पहिले दोन प्रश्न सरळ दुसऱ्या माणसाबद्दल आहेत आणि तिसरा गुरूकडून आलेल्या ठेव्याबद्दल. या परंपरेत स्वतःला तपासायचं म्हणजे आपण कुणाशी कसे वागलो, ते पाहायचं.

एक साधी वही घ्या. झोपण्याआधी पाच मिनिटं, तीन प्रश्न, तीन ओळी. ओळ लिहिताना स्वभावाचं वर्णन करू नका, प्रसंग लिहा. ‘मी आळशी आहे’ असं लिहून काहीच हाती लागत नाही. ‘दुपारी सहकाऱ्याने पाठवलेला तक्ता न तपासताच ठीक आहे म्हटलं’ असं लिहिलं, की उद्या काय करायचं ते त्या ओळीतच असतं.

चांगल्या कामांची नोंद ठेवावी का, असं बरेच जण विचारतात. चीनमध्ये यावर खरोखर वाद झाला होता. मिंग काळातला यूआन ह्वांग (१५३३–१६०६) पाप-पुण्याचा हिशेब ठेवायच्या वह्यांसाठी प्रसिद्ध आहे. युनकू नावाच्या बौद्ध भिक्षूने त्याला ती रीत दाखवली, आणि त्याने तीन हजार सत्कृत्यांचा संकल्प सोडला. त्याच्या पत्नीला लिहिता येत नव्हतं. एखादं चांगलं काम केलं की ती हंसाच्या पिसाची नळी हिंगुळात बुडवून पंचांगावर त्या दिवशी एक लाल वर्तुळ उमटवायची. या वर्तुळांनी मी हेलावून जातो. तरीही सल्ला मी दुसऱ्या बाजूचा देईन. पुढच्या पिढीतला विद्वान ल्यू त्सोंगचौ (१५७८–१६४५) याला पुण्याचा हा हिशेब खटकला. पुण्य मोजायला लागलं की मन फळाकडे वळतं, म्हणून फक्त चुका लिहाव्यात, असं त्याचं मत. मी दोन्ही करून पाहिलं. चांगली कामं लिहिली त्या महिन्यात माझं लक्ष वहीकडेच राहिलं, समोरच्या माणसाकडे गेलं नाही. तेव्हा चुकाच लिहा, पण तीनपेक्षा जास्त नकोत. आणि लिहून झालं की वही मिटून झोपा.

तिसरी पायरी: रीत, आणि रीतीतला चेहरा

कन्फ्यूशियसच्या शिकवणीचा कणा म्हणजे ‘ली’. याचं भाषांतर विधी, शिष्टाचार, रीत असं करतात. यज्ञात बळी कसा द्यावा इथपासून पाहुण्याला दारापर्यंत कसं पोचवावं इथपर्यंत सगळं त्यात येतं. आपल्याला हा शब्द ऐकला की कर्मकांड आठवतं आणि मन मागे सरतं. म्हणून व्याख्या बाजूला ठेवतो आणि ‘लुन्यू’च्या पंधराव्या प्रकरणातला एक प्रसंग सांगतो.

मिएन नावाचा संगीतगुरू कन्फ्यूशियसकडे आला. तो आंधळा होता. पायऱ्यांपाशी आल्यावर कन्फ्यूशियस म्हणाला, “इथे पायऱ्या आहेत.” चटईपाशी आल्यावर म्हणाला, “ही चटई.” सगळे बसल्यावर त्याने सांगितलं, “हा इथे बसला आहे, तो तिथे.” मिएन गेल्यावर एका शिष्याने विचारलं, “संगीतगुरूंशी असंच बोलायचं असतं का?” कन्फ्यूशियस म्हणाला, “हो. संगीतगुरूंना मदत करायची ती अशीच.”

यात दया दाखवल्याचा एक शब्दही नाही. अरेरे नाही, हात धरून ओढणं नाही. समोरच्याला त्या क्षणी जे लागतं तेवढं, नेमक्या वेळी, त्याचा मान राखून. ‘ली’ म्हणजे हे. पुढे याच परंपरेतल्या शुनत्से नावाच्या विचारवंताने त्यामागचं कारण सांगितलं. सरळ लाकूड वाफेवर वाकवून चाक केलं, की नंतर वाळलं तरी ते पुन्हा सरळ होत नाही. माणसाचंही असंच आहे, असं त्याचं म्हणणं. आधी भावना शुद्ध होईल आणि मग कृती सुधारेल, म्हणून वाट पाहत बसायचं नाही. कृतीला आकार द्यायचा, रोज द्यायचा, आणि आतलं लाकूड हळूहळू वळतं.

सुरुवात घरातून करा. एक क्षण निवडा. घरी कुणी आलं की उठून उभं राहणं, जेवायला बसल्यावर फोन दुसऱ्या खोलीत ठेवणं, दुकानदाराकडून सुटे पैसे घेताना त्याच्याकडे पाहणं. एकच निवडा आणि तो चुकवू नका. मी सगळ्यात आधी निवडला तो फोन. तीन आठवडे जेवताना हात खिशाकडे जात राहिला, नंतर जायचा थांबला.

मग खरा कस लागतो. आईवडिलांची सेवा म्हणजे काय, असं शिष्यांनी कन्फ्यूशियसला वेगवेगळ्या वेळी विचारलं, आणि त्याने दर वेळी वेगळं उत्तर दिलं. एकाला म्हणाला, आजकाल पोसणं म्हणजेच सेवा समजतात. कुत्र्याघोड्यांनाही आपण पोसतोच, आदर नसेल तर फरक काय राहिला? दुसऱ्याला त्याने दोनच अक्षरांत उत्तर दिलं, आणि त्यांचा अर्थ होतो: चेहरा अवघड. काम पडलं की धाकट्यांनी उठावं, जेवण असलं की थोरांना आधी वाढावं, एवढ्याने सेवा होते का? ते करताना तोंडावर काय असतं, तिथे खरी अडचण आहे.

ही दोन अक्षरं मला लागली ती अगदी घरगुती कारणाने. वडील मला फोनवरून पैसे कसे पाठवायचे ते पुन्हा पुन्हा विचारायचे. मी दर वेळी सांगायचो, बरोबर सांगायचो, कधी टाळलं नाही. पण एके दिवशी ते म्हणाले, “राहू दे, बँकेत जाऊन येतो.” काम मी करत होतो आणि चेहरा नाही म्हणत होता. त्यानंतर पंधरा दिवस मी बाकी सगळं सोडून फक्त चेहऱ्यावर लक्ष ठेवलं. त्यांनी हाक मारली की उठण्याआधी एक श्वास घ्यायचा, कपाळ सैल करायचं, मग जायचं. ज्यांच्या घरी म्हातारी माणसं आहेत, त्यांनी या पायरीला महिना नव्हे, तीन महिने द्यावेत.

चौथी पायरी: आहे तो कोंब शोधा

कन्फ्यूशियसनंतर शंभरेक वर्षांनी मेन्शियस आला. माणूस मुळात चांगला आहे, असं त्याचं मत म्हणून सांगितलं जातं. त्याचं म्हणणं जास्त नेमकं होतं. लहान मूल विहिरीत पडायच्या बेतात दिसलं, तर कुणाच्याही काळजात धस्स होतं. मुलाच्या आईबापांची मर्जी मिळवायची म्हणून नाही, गावात नाव व्हावं म्हणूनही नाही. हा चांगुलपणाचा कोंब. झाड अजून व्हायचं आहे.

कोंब कसा वाढवायचा, हे त्याने एका राजाला शिकवलं. छी राज्याच्या शुआन नावाच्या राजाने एकदा एक बैल नेताना पाहिला. नव्या घंटेला त्याच्या रक्ताचा नैवेद्य द्यायचा होता. बैल थरथरत होता. राजा म्हणाला, “सोडा त्याला, त्याच्या जागी मेंढी घ्या.” राजा कंजूष आहे, असं लोक बोलू लागले. मेन्शियसने त्याला सांगितलं की तसं नाही, तुम्ही बैल पाहिला होता आणि मेंढी पाहिली नव्हती. मग त्याने पुढचा प्रश्न टाकला: जनावरापर्यंत पोचणारी ही माया तुमच्या प्रजेपर्यंत का पोचत नाही? आणि त्याने ‘जमत नाही’ आणि ‘करत नाही’ यांत फरक केला. थाय पर्वत काखेत मारून समुद्र ओलांडणं जमत नाही. थोरामोठ्यांसाठी एक डहाळी मोडून देणं जमत नाही म्हणणारा, करत नसतो.

सरावात हे असं आणा. आठवडाभरात तुमचं मन आपणहून कुठे हललं, ते वहीत लिहा. मग विचारा, यातली मेंढी कोण? मला माझी मेंढी फोनवर सापडली. समोर उभ्या माणसाशी मी सहसा चढ्या आवाजात बोलत नाही. पण तक्रार नोंदवायला फोन केला, की पलीकडच्या मुलीशी वेगळाच माणूस बोलत असे. ती दिसत नव्हती, एवढंच. आता असा फोन करण्याआधी मी एखाद्या ओळखीच्या, त्याच वयाच्या मुलीचा चेहरा आठवतो. बाकी काही करत नाही.

घाई मात्र करू नका. मेन्शियसने सुंग राज्यातल्या एका शेतकऱ्याची गोष्ट सांगितली आहे. रोपं वाढत नाहीत म्हणून त्याने प्रत्येक रोप थोडं थोडं वर ओढलं, आणि घरी येऊन म्हणाला, “आज दमलो, रोपांना वाढायला मदत केली.” मुलगा धावत जाऊन पाहतो, तर सगळी सुकलेली. गोष्ट लोकांना माहीत असते, पण त्याच्या पुढचं वाक्य बहुधा सुटतं: उपयोग नाही म्हणून सोडून देणारा हा खुरपणी न करणारा शेतकरी. दोघांचंही पीक जातं.

वेळ नाही, असं वाटेल तेव्हा

वांग यांगमिंग (१४७२–१५२९) हा विचारवंत होता, सेनापती होता आणि सरकारी अधिकारीही. तरुणपणी, वस्तूंचं तत्त्व शोधायचं म्हणून तो बांबूंसमोर सात दिवस एकटक बसला आणि आजारी पडला. कृतीपासून तोडलेल्या ज्ञानावरचा त्याचा विश्वास पुढे पार उडाला. एकदा त्याच्या हाताखालचा एक अधिकारी म्हणाला, “तुमची शिकवण चांगली आहे, पण कागदपत्रं आणि खटले यांतून मला वेळच मिळत नाही.” वांग म्हणाला, “कागदपत्रं सोडून हवेत शिक, असं मी तुला कधी सांगितलं?” खटला चालवताना समोरचा उद्धट बोलला म्हणून रागावू नकोस, गोड बोलला म्हणून खूश होऊ नकोस, कुणी रदबदली केली म्हणून चिडून शिक्षा वाढवू नकोस, हातात दुसरी कामं आहेत म्हणून घाईत निकाल देऊ नकोस. हेच शिकणं.

कार्यालयात काम करणाऱ्या प्रत्येकाने हा उतारा लिहून टेबलापाशी लावावा असा आहे. फक्त स्वतःला दिसेल असा लावा.

काय घ्यायचं नाही

या परंपरेचा इतिहास निर्मळ नाही आणि तसं भासवणं चुकीचं होईल. याच ‘ली’च्या नावाने विधवांना पुनर्विवाहापासून रोखलं गेलं, मुलींना बापाच्या, नवऱ्याच्या, मुलाच्या आज्ञेत राहायला शिकवलं गेलं. १९१९च्या चार मे चळवळीच्या काळात चिनी तरुणांनी कन्फ्यूशियसवर टीकेची झोड उठवली, त्याला ही कारणं होती. जातीच्या आणि सोवळ्याच्या रीतींनी काय केलं, हे पाहिलेल्या मराठी वाचकाला तो राग कळेल.

चाळणी कशी लावायची, याचं एक उदाहरण परंपरेतच आहे. स्त्रीपुरुषांनी वस्तू देताघेताना एकमेकांच्या हाताला स्पर्श करू नये, अशी तेव्हाची रीत. मेन्शियसला कुणीतरी अडवून विचारलं, “वहिनी बुडत असेल तर हात द्यायचा का?” तो म्हणाला, “जो देत नाही, तो लांडगा.” रीत पाळायची आणि तिचं वजनही करायचं. जी रीत समोरच्या माणसाला बुडू देते, ती सोडायची, मग ती कितीही जुन्या पोथीत का असेना.

शेवटची पायरी: हातातलं एक काम

वर्षभराने च्वांगत्से या ताओवादी विचारवंताचं, त्याच्याच नावाचं पुस्तक उघडा. कन्फ्यूशियसची तो मनसोक्त टर उडवतो आणि त्याचे आक्षेप ऐकण्यासारखे आहेत. फार ठाकूनठोकून घडवलेला माणूस ताठर होतो, ही त्याची भीती खरी आहे. वर्षभर रीत पाळल्यावर तो ताठरपणा तुम्हाला स्वतःच्या खांद्यांत जाणवेल. तेव्हा हे पुस्तक औषधासारखं लागू पडतं.

त्याच्या तिसऱ्या प्रकरणात तिंग नावाचा स्वयंपाकी राजा वेनह्वीसमोर बैल कापतो. सुरी जणू एखाद्या नृत्याच्या तालात फिरते. तिंग सांगतो, “सुरुवातीला मला अख्खा बैल दिसायचा. तीन वर्षांनी अख्खा बैल दिसेनासा झाला.” साधारण आचारी दर महिन्याला सुरी बदलतो, कारण तो हाडावर घाव घालतो. चांगला आचारी वर्षाला बदलतो. तिंगची सुरी एकोणीस वर्षं वापरात आहे, हजारो बैल तिने कापले, आणि धार आत्ताच दगडावरून उतरल्यासारखी. कारण सांध्यांमध्ये जागा असते आणि सुरीच्या पात्याला जाडी नसते.

तुम्हीही हाताचं एक काम निवडा. पोळ्या लाटणं, भाजी चिरणं, इस्त्री, सायकल दुरुस्त करणं, काहीही, पण रोजचं आणि शरीराचं. गाणी लावू नका, घाई करू नका, नवी युक्ती शोधू नका. कुठे अडतं तेवढं पाहत राहा. मी पोळ्या घेतल्या. पहिले काही महिने लाटण्यावर जोर देत होतो आणि कडा फाटत होत्या. कणीक कुठे सरकायला तयार आहे, ते हाताला कळायला सहा महिने गेले. त्यानंतर तीच जाणीव बोलण्यात येऊ लागली. घरातल्या वादात कुठे हाड आहे आणि कुठे जागा आहे, हे शब्द निघायच्या आधी थोडं जाणवतं. नेहमी नाही.

आणि तिंगचं एक वाक्य विसरू नका. एवढी वर्षं होऊनही गुंतागुंतीचा सांधा आला की तो सावध होतो. नजर तिथे खिळते, हात मंद होतो, सुरी अगदी हलकेच सरकते. मग अचानक सगळं सुटं होतं, मातीचं ढेकूळ जमिनीवर पडावं तसं. तो सुरी हातात घेऊन उभा राहतो, चारी बाजूंना पाहतो, थोडा वेळ तसाच समाधानात थांबतो. मग सुरी पुसतो आणि ठेवून देतो.